चुगलखोर जीवाणू आणि आप्पांचा बांगडा

मुंबईहून परतल्यापासून वर्ध्यात जो भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंस? समुद्र पाहिला का, राणीची बाग पाहिली का, निदान एखादा नट तरी दिसला का? मी खरं ते सांगते, की मी आठवडाभर बांगड्याचं पोट पाहत होते, तर लोकांना वाटतं ही काहीतरी लपवते आहे. माझ्या आईने तर शेजारी अजून पत्ता लागू दिलेला नाही. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसणालासुद्धा रजा असते. त्या घरातली मुलगी मासळीबाजारात वाटे चाचपत फिरली हे ऐकून लोक तिच्या लग्नाचं काय म्हणतील, ही आईची काळजी. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे ज्याला हवं त्याने वाचावं.

आधी माझ्या धंद्याविषयी. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत आम्ही जीवाणूंचे दोन वाण तयार केले आहेत. मुळात हे जीवाणू गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्यात दुसऱ्या जीवाणूंकडून उसने आणलेले जनुक बसवले की त्यांचा स्वभाव बदलतो. पहिल्या वाणाला मी चुगलखोर म्हणते. बांगडा, कुपा असले मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं विष साठत जातं. ते चुगलखोराला लागलं की तो लाल होतो. एरवी तो हिरवा चमकतो, म्हणजे मी जिवंत आहे, पण सांगण्यासारखं काही नाही. दुसरा वाण खादाड. तो ते विष खाऊन संपवतो. हे विष तळल्याने जात नाही, उकळल्याने जात नाही, आणि पुष्कळदा वासावरून कळतही नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, आणि सगळे म्हणतात, याला मासा सोसत नाही.

नागपुरात आमचा चुगलखोर परीक्षा पास झाला होता, पण नागपूरचा मासा बर्फात झोपून येतो. खरी परीक्षा मुंबईच्या बाजारात. परळच्या एका संस्थेने त्यांच्या प्रयोगशाळेत आठवडाभर एक टेबल देऊ केलं. जायचं होतं प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणीने, वैशालीने. ती जन्माची लालबागची आणि मासे खाणारी. पण तिचं बाळ लहान. म्हणून ती राहिली आणि मी, जिने आयुष्यात माशाचा काटा ओठाला लावला नाही ती, बंद नळ्यांचा डबा आणि परवानगीचे कागद घेऊन तिच्या आईवडिलांकडे उतरायला निघाले.

लालबाग

ऑक्टोबरची काहिली होती. वैशालीच्या चाळीच्या गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंना मिरच्या कुटायचे डंके चाललेले. आमच्याकडेही मिरची काही कमी तिखट नसते, भिवापुरी मिरचीवर वाढलेली मी. पण अख्खी गल्लीच मसाला होऊन नाकात शिरते तेव्हा भिवापूरचा अभिमान कामाला येत नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी शिंकत होते. काकू दारातच उभ्या होत्या. शिंकांवरूनच त्यांनी ओळखलं की पाहुणी आली.

काकू म्हणजे वैशालीची आई. ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या, मालवणच्या. आप्पा तिचे वडील. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, ब्याऐंशीच्या संपात, जो कुणी कधी रीतसर मागे घेतलाच नाही, गिरणी गेली, मग एका इमारतीत लिफ्ट चालवून निवृत्त झाले. त्यांच्या गॅलरीतून पूर्वी गिरणीची चिमणी दिसायची म्हणे. आता तिथे टॉवर आहे, आणि त्याच्या कुठल्याशा मजल्यावरचा पोहण्याचा तलाव सकाळी काकूंच्या भिंतीवर कवडसा पाडतो. काकू त्या कवडशात पापड वाळवतात.

जेवायला माझ्यासाठी काळ्या वाटाण्यांची उसळ, आंबोळ्या आणि सोलकढी होती. मी आडवा हात मारला. आप्पांच्या ताटात मात्र दुधीची भाजी आणि वरण होतं, आणि ते त्याच्याकडे, पाहुणा जायचं नाव घेत नाही तेव्हा आपण त्याच्याकडे पाहतो तसे पाहत होते. काकूंनी खुलासा केला. होळीच्या सुमारास बांगडा खाऊन आप्पांचं अंग गांधींनी भरलं. चेहरा टोमॅटोसारखा लाल. काकूंनी आमसुलाचं पाणी चोळलं, गांधी बसल्या. पण नंतर पुन्हा एकदा तेच झालं. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी दिसते, मासा बंद करा. त्याच ताटलीतला बांगडा काकूंनीही खाल्ला होता आणि त्यांना काही म्हणजे काही झालं नव्हतं. त्यामुळे दोष माशाचा नसून आप्पांच्या अंगाचा, हे सिद्धच झालं. एकाने मासा खावा आणि दुसऱ्याने दुधी, हे काकूंना बघवेना, म्हणून त्यांनीही सोडला. सहा-सात महिने त्या घरात मासा शिजला नव्हता.

जेवण झाल्यावर आप्पा गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसले आणि मनापासून विचारलं, "तुमी लोक मगे आयतवारी काय करता?"

मी म्हटलं, वरणभात खातो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे करुणेने पाहिलं. मलाही त्यांच्याबद्दल तसंच वाटत होतं. मासा न खाणं मला सोपं आहे, कारण काय गमावते ते मला माहीत नाही. त्यांना पक्कं माहीत होतं. काकू आतून भांडी घासता घासता म्हणाल्या की तू एवढी शिकलेली, तर तुझ्या त्या किड्यांना विचार, आमच्या ह्यांना मासा कधी खाता येईल की नाही. मी कबूल केलं. माणसाची ॲलर्जी चुगलखोर तपासत नाहीत, फक्त मासा तपासतात, हे मी सांगितलं खरं, पण तोवर नळ जोरात चालू झाला होता.

परळ

सकाळी आप्पा मला बाजारात घेऊन गेले. त्या घरात मासा आणायचा, कापायचा, साफ करायचा तो आप्पांनीच. काकूंकडे फक्त चूल. बाजारात शीव कोळीवाड्याची हिराबाई म्हणून कोळीण बसते, तिच्याकडे ते वर्षानुवर्षं घेत आले आहेत. त्यांना पाहून तिने भुवया उंचावल्या. "काय आप्पा, इतक्या महिन्यांनी, नि आज सकालचं कसं काय?" आप्पा म्हणाले, पाहुणे आलेत. मग त्यांनी एका वाट्यावरून अशी घासाघीस सुरू केली की मी लाजून बाजूच्या सुरमईची चौकशी करायला गेले. शेवटी पिशवीत चार बांगडे पडले, तेव्हा आप्पांचा चेहरा कुणीतरी खिसा कापल्यासारखा होता.

मी आंघोळ करून येईपर्यंत नमुन्याचा डबा तयार होता. परळला जाऊन उघडला तर आत पिवळ्याजर्द, लालसर रसात पोहणाऱ्या चार व्यवस्थित तुकड्या. हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून मासा मुरत होता. मी तरीही नमुना काढून चुगलखोरांना दिला. संध्याकाळी नळ्या पाहिल्या तर लाल नाही, हिरवाही नाही. एवढं मीठ आणि एवढं आंबट सोसून कोण जगणार? नागपूरहून जपून आणलेले माझे जीवाणू मुंबईत पहिल्याच दिवशी मालवणी पाहुणचाराने मेले.

घरी जाऊन मी जरा चिडूनच विचारलं. आप्पांना माझा प्रश्नच कळेना. हळद-मीठ-आगळ न लावता मासा घरात आणायचा कसा? चाळीच्या नळावर साफ करायचा, तिथेच सगळं लावायचं आणि मग उंबरा ओलांडायचा, ही त्यांची पद्धत. काकू कौतुकाने म्हणाल्या की पोरं लहान होती तेव्हापासून मी ह्यांच्या हातचा कच्चा मासा कधी पाहिलाच नाही, आयता मुरलेलाच येतो. बाकीच्या बायका हेवा करतात. आम्हा शाकाहाऱ्यांत नवऱ्याने भाजी निवडून दिली तरी कॉलनीत बातमी होते, त्यामुळे मीही कौतुक केलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाजारातच पिशवी ताब्यात घेऊ लागले. आप्पांना ते आवडलं नाही. उघडा मासा पिशवीत घालून रस्त्याने नेणं त्यांना आपणच उघडे चालल्यासारखं वाटत होतं.

गिरगाव, दादर

पुढचे दिवस मी एकटी हिंडले. गिरगावात नमुने घेतले. पिशवीला येणारा वास मला येईनासा झाला होता, पण बसमध्ये शेजारची बाई उठून उभी राहिली तेव्हा कळलं की लोकांना येतो. एका जुन्या खाणावळीत ताक आणि थालीपीठ मागवलं. वाढप्याने पिशवी हुंगून सांगितलं, ताई, मासळी शेजारच्या हॉटेलात. मी म्हटलं, मी मासे खात नाही. त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि थालीपीठावर लोण्याचा गोळा जास्त घातला. वेडसर माणसांशी मुंबईकर फार चांगले वागतात.

दादरच्या बाजारात कोळणींनी माझी मुलाखत घेतली. विष हा शब्द मी उच्चारला मात्र, एकीने कोयता आपटून विचारलं की तुझ्या बाजारात येऊन तुझ्या वांग्याला कुणी विष म्हटलं तर? मी जीभ चावली. त्यानंतर मी विष न म्हणता ताजेपणा म्हणू लागले, आणि नमुने हसतमुखाने मिळू लागले. आमच्याकडे वांगी विकणारी बाई भाव सांगून गप्प बसते. इथे कोळणीने आधी तुम्ही कोण, कुठल्या, लग्न का नाही, हे विचारून घेतल्याशिवाय मासा सुटत नाही.

निकाल मात्र सगळे हिरवे. सकाळचा मासा, बर्फावरचा, स्वच्छ. हिराबाईचा तर रोजचा वाटा हिरवागार. संशोधक म्हणून मी खूश होते. घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की हिराबाईच्या माशात काही दोष नाही.

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "म्हंजे ह्यांच्या अंगातच दोष. मगे संपलाच," त्या म्हणाल्या, आणि रागाने नव्हे तर खरोखर वाईट वाटून पदराने डोळे पुसले. आप्पा गॅलरीत जाऊन टॉवरकडे तोंड करून बसले. मला तोऱ्याची लाज वाटली. माझ्या हिरव्या नळ्यांनी त्या माणसाला जन्मभराच्या दुधीची शिक्षा सुनावली होती.

पुन्हा परळ

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला संस्थेच्या रखवालदाराने निरोप दिला की फाटकावर तुमचे नातेवाईक आलेत. पाहते तर आप्पा, इस्त्रीच्या शर्टात, छातीशी पिशवी धरून. आत पाच बांगडे होते. कच्चे, हळद न लावलेले. आप्पांच्या दृष्टीने ही केवढी गोष्ट होती ते मला आता कळत होतं.

"ह्येंका पण तपास, बाय," ते म्हणाले. "आणि घरात बोलू नको."

मग फाटकाशेजारच्या कट्ट्यावर त्यांनी सगळं सांगितलं. संप सुरू झाला, पगार थांबला. काकू खाणावळीसाठी पोळ्या लाटू लागल्या, आप्पा भाजीच्या गाड्या उतरवू लागले. पोरांना मासा हवा असे. दिवे लागायच्या सुमारास कोळणींना घरची घाई असते, उन्हात दिवसभर राहिलेला शेवटचा वाटा त्या मिळेल त्या भावात देऊन टाकतात. आप्पा तो घेऊ लागले. डोळ्यांवरून, कल्ल्यांवरून माशाचं शिळेपण बायकोला कळू नये म्हणून नळावरच मुंडकी काढायची, साफ करायचा, आगळ चोळायचं, मग घरात न्यायचा. काकूंना सांगितलं होतं की संध्याकाळी होड्यांची दुसरी खेप येते, तो मासा सकाळच्याहून ताजा. काकू बाजारात कधी गेल्या नाहीत, त्यांनी विश्वास ठेवला. पुढे नोकरी लागली, मुलं कमावती झाली, तरी आप्पांचा संध्याकाळचा बाजार सुटला नाही.

मी विचारलं, पण आता कशाला, आप्पा? आता काय कमी आहे?

ते पिशवीच्या बंदाला पीळ देत राहिले. "सकाळचो मासो घेताना अजून चोरी केल्यासारख्या वाटता."

मी पिशवी घेऊन आत गेले.

सकाळी पाच नळ्यांपैकी तीन हिरव्या होत्या आणि दोन लालभडक. एकाच वाट्यातले मासे, पण कुठला कुठे किती तापला त्यावर सगळं अवलंबून. एवढी वर्षं आप्पा कसे निभावले आणि त्याच ताटलीतला बांगडा काकूंना का बाधला नाही, दोन्हींचं उत्तर समोर होतं. मी एका लाल नमुन्यात खादाड सोडले, आणि पुन्हा तपासलं तेव्हा विष नाहीसं झालेलं होतं.

आप्पांना हे सांगितल्यावर ते युनियनच्या सभेत उभे राहिल्यासारखे ताठ झाले. त्यांचा प्रस्ताव सरळ होता. खादाडांची एक बाटली मी त्यांना द्यावी, ती ते संध्याकाळच्या वाट्यावर शिंपडतील, आगळाबरोबरच. म्हणजे कुणाला काही सांगायला नको. मी म्हटलं, असे जिवंत जीवाणू प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाहीत, आणि खाण्यावर तर मुळीच नाही. उद्या त्यांच्यातलं फक्त काम करणारं द्रव्य वेगळं काढता आलं तर गोष्ट निराळी, पण त्याला वर्षं लागतील. आप्पा अर्ध्या बाटलीवर आले. मग पाव. मी नाहीच म्हणत राहिले. शेवटी मी त्यांना सांगितलं की खरं सांगा आणि बांगडा खा, नाहीतर गप्प बसा आणि दुधी खा. तिसरा रस्ता माझ्याकडे नाही.

लालबाग, बाजार

आधी मी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन बांगड्याची त्वचेवरची चाचणी करवून घेतली. हातावर काही उठलं नाही. डॉक्टर म्हणाले, ताजा मासा थोडा खाऊन बघायला हरकत नाही. आता काकूंना सांगण्यावाचून सुटका नव्हती.

संध्याकाळी काकू तांदूळ निवडत होत्या तेव्हा आप्पांनी सांगितलं. मी गॅलरीत जाऊ पाहत होते, त्यांनी हाताने मला थांबवलं, बहुधा साक्षीला. काकू सगळं ऐकत गेल्या. सूप हातात तसंच राहिलं.

"मगे ती दुसरी खेप?" त्यांनी विचारलं.

"नाय येत," आप्पा म्हणाले.

मग मात्र काकूंचा पट्टा सुटला. इतकी वर्षं मला उन्हात तापलेला मासा घातलात, आणि मी सगळ्या चाळीला सांगत फिरले की आमचे हे दुसऱ्या खेपेचा आणतात. शेजारणी दुसऱ्या खेपेची वाट बघत बाजारात उभ्या राहिल्या असतील. जीव गेला असता म्हणजे? आप्पा मान खाली घालून ऐकत होते. बोलता बोलता काकूंचा आवाज एकदम बसला. त्या उठून आत गेल्या, आणि भांड्यांचा एवढा आवाज झाला की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. मी त्या रात्री आप्पांबरोबर दुधी खाल्ला, माणुसकी म्हणून.

सकाळी मी निघायची तयारी करत होते, तर काकू लुगडं बदलून, पिशवी घेऊन दारात उभ्या. आप्पांना म्हणाल्या, चला. मलाही म्हणाल्या, तू पण चल, तुझी गाडी दुपारची आहे.

बाजारात काकू पहिल्यांदाच आल्या होत्या, पण त्यांचं चालणं तसं सांगत नव्हतं. हिराबाईने दोघांना एकत्र पाहिलं आणि न विचारता चांगले टणक, लखलखीत बांगडे पुढे सारले. भाव सांगितला. आप्पांनी पिशवी पाठीमागे घेतली. संध्याकाळी येऊ, ते पुटपुटले. सवयीने घासाघीस करायलाही त्यांचं तोंड उघडेना. ते खरोखर घामाघूम झाले होते आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "ओ, संप मिटलो. घ्या आता."

"मिटलो खंय?" आप्पा म्हणाले. "मागे कोणी घेतल्यान तो?"

आजूबाजूला कोयते चालले होते, बर्फ फुटत होता. हिराबाई मासा हातात धरून थांबली होती. काकूंनी आप्पांच्या पाठीमागून पिशवी ओढून घेतली आणि तिचं तोंड उघडलं.

"मगे आज मी घेतंय मागे," त्या म्हणाल्या. "हिरा, घाल गो."

घरी आल्यावर काकूंनी मासा स्वतः साफ केला, घरातल्या मोरीत, डोकी ठेवून. आप्पा दारात उभे राहून कल्ला कसा काढायचा ते सांगत होते आणि त्या ऐकत नव्हत्या. तिरफळ घातलेलं तिखलं, म्हणजे दाट, झणझणीत कालवण झालं, दोन बांगडे तळले गेले. माझ्यासाठी बटाटा होता. आप्पा जेवायला बसले तेव्हा काकू समोर बसल्या, स्वतः न जेवता. पहिला बांगडा आप्पांनी मान वर न करता खाल्ला, काटा न् काटा चोखून. खाणं थांबल्यावर काकूंनी त्यांचा डावा हात आपल्याकडे ओढला, सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारली, आणि उजेडाकडे वळवून वळवून पाहिलं. हात स्वच्छ होता. त्यांनी बाही खाली केली आणि दुसरा बांगडा वाढला.